कारखान्यातला मास्क आणि बुडालेली हजेरी

करोनाच्या काळात कामाच्या ठिकाणी नियम पाळले गेले नाहीत, कारण आपल्या लोकांना शिस्तच नाही, हे वाक्य आजही बैठकांमध्ये इतक्या सहजपणे फेकले जाते की त्याला हरकत घ्यावी असे कुणाला वाटत नाही. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा सुरक्षा विभागात होतो आणि मास्क, अंतर व तापमान यांची अंमलबजावणी हेच माझे रोजचे काम होते. त्या कामातून माझे मत नेमके उलटे झाले. जे नियम पाळण्याची झळ कामगाराला बसत होती, त्यांची सक्ती झाली. जे पाळायला मालकाच्या खिशाला हात घालावा लागणार होता, ते गेटवरच्या फलकावरच राहिले.

टाळेबंदीतून उद्योगांना सवलत देताना केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२० रोजी जो आदेश काढला, त्याचे परिशिष्ट आज पुन्हा वाचून पाहावे. मास्क आणि थर्मल तपासणी त्यात होतीच, पण दोन पाळ्यांमध्ये एक तासाचे अंतर, कामगारांसाठी स्वतंत्र वाहतूक व त्या वाहनांत क्षमतेच्या फक्त ३० ते ४० टक्के माणसे, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी, कामगारांचा वैद्यकीय विमा आणि गुटखा, तंबाखू व थुंकण्यावर पूर्ण बंदी हेही होते. कागद म्हणून तो आदेश वाईट नव्हता. बसमध्ये ४० टक्केच माणसे बसवायची तर तेवढ्याच कामगारांसाठी दुपटीहून अधिक बसगाड्या लागतात, आणि पाळ्यांमध्ये तासाभराचे अंतर ठेवायचे तर रोजचे उत्पादन घटते, हे कुणालाही समजते. म्हणून माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी बस काही आठवड्यांतच पूर्वीसारख्या भरून येऊ लागल्या आणि त्या भरलेल्या बसमधून उतरलेल्या माणसांना गेटपासून पुढे सहा-सहा फुटांवर आखलेल्या पिवळ्या वर्तुळांत उभे केले जाऊ लागले.

गेटवरच्या थर्मल गनविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण अंमलबजावणीचा देखावा कसा उभा राहतो हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसत असे. थंडीच्या दिवसांत पहिल्या पाळीला दुचाकीवरून आलेल्या माणसाचे कपाळ इतके गार असते की ती गन ९३ किंवा ९४ अंश फॅरनहाइट दाखवते. असा आकडा नोंदवहीत दिसला तर ऑडिटला येणारा शंका काढील, म्हणून गेटवरचा सुरक्षारक्षक सरसकट ९७ च्या आसपासचे आकडे एकाच हातवळणात लिहून टाकत असे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे वहीच मागितली जात होती, ती त्याने चोख भरून दिली. शिवाय ज्याला खरोखर कणकण असे तो घरूनच पॅरासिटामॉलची गोळी घेऊन निघालेला असे, आणि त्या गोळीपुढे कुठल्याही गनचे काही चालत नाही.

तो गोळी घेऊन का येत असे, हा या सगळ्यातला खरा प्रश्न आहे. कंत्राटी कामगाराचा एक खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो, महिन्याचा हजेरी बोनस जातो, आणि दोन-चार दिवस सलग घरी बसला तर ठेकेदार त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करतो. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत आजारपणाचा लाभ मिळतो, असे यावर सांगितले जाते. तो मिळतो, पण वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो, संबंधित अंशदान कालावधीत, म्हणजे वर्गणी मोजण्याच्या सहामाहीत, किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर मिळतो, आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे त्यात धरले जात नाहीत. घसा खवखवतो आहे, अंग दुखते आहे, कामावर जावे की न जावे, हा निर्णय माणूस ज्या दोन दिवसांत घेतो, नेमके तेच दोन दिवस बिनपगारी. दर सहा महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्याची ७८ दिवसांची अटही अनेकदा पुरी होत नाही. अशा माणसाला ‘लक्षणे दिसताच कळवा’ असे सांगणारी भित्तिपत्रके आम्ही मराठीत आणि हिंदीत छापून लावली होती.

आता मास्कविषयी. मास्क लागतो, त्याचा उपयोग होतो आणि त्याची सक्ती करावी लागते, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. ‘मास्क म्हणजे थोतांड’ म्हणणाऱ्यांना या लेखातून काही आधार मिळेल असे कृपया समजू नये. परंतु प्रेस शॉपमध्ये, म्हणजे साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या यंत्रांच्या विभागात, आठ तास मास्क लावून ठेवणे म्हणजे काय असते, हे वातानुकूलित दालनात बसून आदेश काढणाऱ्यांनी कधी पाहिले नव्हते. तिथे प्रेसचा आवाज एवढा असतो की कानात इअरप्लग घालावे लागतात, त्यामुळे शेजारच्याला काही सांगायचे तर मास्क खाली ओढून त्याच्या कानाशी ओरडण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणजे ज्या क्षणी मास्क सर्वांत जास्त हवा त्याच क्षणी तो हनुवटीवर येतो. सुरक्षा चष्मा लावला तर श्वासाची वाफ वर जाऊन काचा धूसर होतात, आणि धूसर चष्म्याने प्रेसच्या डायमध्ये हात घालणे हा विषाणूपेक्षा जवळचा धोका आहे. मग कामगार दोहोंपैकी एक काढतो, आणि काढलेल्या वस्तूनुसार त्याला कधी मास्कसाठी तर कधी चष्म्यासाठी ताकीद मिळते. घामाने भिजलेला मास्क तर काही तासांतच निकामी होतो. आम्ही मात्र आठवड्याला एक कापडी मास्क देत होतो.

येथे खर्चाचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य शासनाने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा तीन पदरी मास्क तीन ते चार रुपयांना मिळू लागला. प्रत्येक पाळीत दोन मास्क दिले असते तरी माणशी रोजचे आठ रुपये झाले असते. मी हा प्रस्ताव लेखी दिला होता. ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ असे उत्तर आले आणि त्याच आठवड्यात गेटसाठी दुसरी थर्मल गन व स्वागतकक्षासाठी पायाने चालणारे सॅनिटायझर स्टँड खरेदी झाले, कारण पाहुण्यांना आणि ग्राहक कंपनीच्या ऑडिटरला तेच दिसणार होते. साहेब लोकांच्या तोंडावर व्हॉल्व्ह असलेले एन-९५ मास्क होते. अशा व्हॉल्व्हमधून विषाणू बाहेर पडण्यास अटकाव होत नाही, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्येच राज्यांना कळवले होते; तरीही त्यावरून कुणा व्यवस्थापकाला गेटवर अडवल्याचे मला आठवत नाही.

व्यवस्थापनाचे अंतर्गत वागणे हा स्वतंत्र विषय आहे. शॉप फ्लोअरवर मास्क खाली आला म्हणून दंडाची पावती फाडणारी माणसे मीटिंग रूममध्ये शिरली की दार लावून घेत, एसी चालू करत आणि मास्क काढून टेबलावर ठेवत. केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले होते की हवेत तरंगणारे सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि म्हणून बंद जागेतली हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे आहे. म्हणजे ऐन दुसऱ्या लाटेत आमच्या कारखान्यातली सर्वांत धोकादायक जागा बहुधा ती मीटिंग रूमच होती. खेळत्या हवेची तरतूद तर १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती, तिच्यासाठी महामारीची वाट पाहण्याची गरज नव्हती. पण बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा दुरुस्त करण्यापेक्षा फवारणीवाल्याला बोलावून फरशीवर हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारून घेणे सोपे होते. फोटोही चांगले येत.

कामगारांची बाजू निर्दोष होती, असे मी म्हणणार नाही. गुटख्याची पुडी तोंडात असलेल्या माणसाचा मास्क दर पाच मिनिटांनी खाली येणारच, आणि जिन्याच्या कोपऱ्यातली लाल नक्षी त्या दोन वर्षांतही काही पुसली गेली नाही. ‘आम्ही कष्टाची माणसे, आम्हाला काही होत नाही’ हे मी रोज ऐकले, आणि ते ऐकवणाऱ्यांपैकी काहींना नंतर ऑक्सिजनच्या खाटेसाठी वणवण करताना पाहिले. त्यांच्याशी कडक वागणे गरजेचे होते. मात्र कडकपणाला अधिकार लागतो, आणि ज्याने आजारी माणसाचा पगार कापला आहे त्याने त्याच माणसाला आरोग्याचे महत्त्व सांगितले, तर शॉप फ्लोअरवर लोक तोंडावर हसतात.

मालकवर्ग कशाने हलतो, हे त्याच काळात दिसले होते. एखादा कामगार बाधित निघाला तर मालकावर थेट गुन्हा दाखल होईल आणि कारखाना सील होईल, अशी भीती एप्रिल २०२० मध्ये पसरली, तेव्हा कारखान्यांत अचानक विलक्षण तत्परता आली. २३ एप्रिलला गृह मंत्रालयाने तसा अर्थ काढू नये, संमती, माहिती किंवा हलगर्जीपणा असेल तरच जबाबदारी येईल, असा खुलासा केला. खुलासा न्याय्य होता, कारण प्रत्येक संसर्गासाठी मालकाला तुरुंगात टाकता येत नाही. परंतु त्यानंतर हलगर्जीपणा म्हणजे नेमके काय, हे तपासायला आमच्याकडे कुणी फिरकले नाही. पुढे राज्य शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात मास्क नसलेल्या व्यक्तीला ५०० रुपये, त्या व्यक्तीला शिस्त न लावणाऱ्या आस्थापनेला १० हजार आणि आस्थापनेने स्वतःच नियम मोडले तर ५० हजार रुपये दंड ठरवण्यात आला. माझ्या मते दंडाची ही उतरंड योग्य होती. ती दोन लाटा ओसरल्यावर आली आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंधांसह संपली.

त्यामुळे पुढच्या वेळची तयारी म्हणून जी परिपत्रके आणि चेकलिस्ट आज पुन्हा तयार केल्या जात आहेत, त्यांत मला एकच गोष्ट शोधावीशी वाटते, ती म्हणजे लक्षणे कळवणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या पहिल्या काही दिवसांचा पूर्ण पगार कोण देणार. हे अशक्य नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच मान्य केलेले तत्त्व आहे. त्याच धर्तीवर साथीच्या काळातली आजारपणाची भरपगारी रजा मूळ मालकाच्या माथी टाकावी, ठेकेदाराच्या निविदेत तिचा स्वतंत्र दर लिहून घ्यावा आणि हजेरी बोनसमधून असे दिवस वगळावेत. खरेदी विभाग कुरकुर करील, दर वाढले म्हणून ग्राहक कंपनीही भांडेल; ती भांडणे साथ नसताना, शांतपणे बसून करून घेण्यासारखी आहेत.