कुत्र्याचा परवाना: शुल्क किती यापेक्षा कशासाठी

पाळीव कुत्र्यांच्या परवान्याचे शुल्क वाढवावे की नाही, हा विषय नागपुरात निघाला की चर्चा लगेच रुपयांवर येते. महागडा कुत्रा पाळणे परवडते तर शुल्कही भरा, असे काही जण म्हणतात. मनपाला पैसे देऊन आम्हाला मिळते काय, असे इतर विचारतात. माझ्या घरी दोन कुत्री आहेत, दोघांचेही परवाने आहेत आणि तरीही शुल्काची रचना बदलावी असे माझे ठाम मत आहे. मात्र ती महसुलासाठी बदलू नये. कोणत्या घरी कोणते जनावर आहे, त्याला रेबीजची लस टोचली आहे का, आणि ते हरवले, कुणाला चावले किंवा कुणी त्याला रस्त्यावर सोडून दिले तर जाब कुणाला विचारायचा, याची नोंद महापालिकेकडे असावी यासाठी परवाना असतो. ज्या परवान्यातून हे साधत नाही तो नुसता कागद आहे, मग त्याचे शुल्क कमी असो वा जास्त.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्रा चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लगेच इंजेक्शने सुरू करावीत, हे आता बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधीचा उपाय कुत्र्यांनाच लस टोचण्याचा आहे. एखाद्या भागातील किमान 70 टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाले तर संसर्गाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे 2030 पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने 2021 मध्ये जाहीर केला. हे 70 टक्के कितीपैकी, हे सांगायला आधी मोजदाद लागते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची मोजदाद कठीण आहे हे मान्य. पाळीव कुत्र्याला तर घराचा पत्ता आहे, मालक आहे आणि बहुधा लसीकरणाचे कार्डही आहे. तेवढेही आपण नोंदवू शकत नसू तर पुढच्या आकड्यांवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

शुल्काबाबत माझे म्हणणे असे की सर्वांना सरसकट एकच दर लावू नये. ज्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे आणि लसीकरण चालू आहे, त्याचा वार्षिक परवाना नाममात्र रकमेत मिळावा. ज्याची नसबंदी केलेली नाही, त्याच्या मालकाकडून कितीतरी पट अधिक घ्यावे. रस्त्यावरचे गावठी पिल्लू उचलून घरी वाढवणाऱ्याला पहिल्या वर्षी शुल्कच नको, कारण त्याने महापालिकेचेच काम आपल्या खर्चाने केलेले असते. सरसकट वाढीत नेमका प्रामाणिक माणूस भरडला जातो: जो स्वतःहून नोंदणीला येतो त्याच्याकडून जास्त घ्यायचे आणि जो येतच नाही त्याला कुणी विचारायचे नाही, अशी ती व्यवस्था होते.

नसबंदी न केलेल्या कुत्र्यावर मी एवढा भर का देते, ते सांगते. मनीषनगरच्या पुढे बेसा, बेलतरोडीकडे नवीन लेआउट पडत गेले, तशी त्या मोकळ्या प्लॉटांवर चांगल्या जातीची कुत्री बेवारस दिसू लागली. त्यातली एक लॅब्राडोर मादी मी जवळून पाहिली. तिच्या मानेवर पट्ट्याने केस झिजून पडलेला गोल वळ होता, पट्टा मात्र काढून घेतलेला होता. सड लोंबत होते, म्हणजे तिच्याकडून एकापाठोपाठ एक वेते काढून घेतलेली होती. माणसाने हात पुढे केला की ती आपसूक बसत असे, कारण तिला कुणीतरी तसे शिकवले होते. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, तिथल्या कुत्र्यांशी भांडताही येत नाही. जे तगते त्याची पिल्ले पुढे मोकाट कुत्र्यांत जमा होतात. बंद घरातील पाळीव कुत्रा आणि रस्त्यावरील मोकाट कुत्रा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नसबंदी न करता विकलेल्या आणि नंतर टाकून दिलेल्या जनावरांतून एक प्रश्न दुसऱ्यात मिसळत राहतो.

या धंद्याला नियम नाहीत असे नाही. कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांबाबतचे केंद्राचे नियम 2017 चे आहेत, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे आहेत. प्रजनन करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता कामा नये, असे त्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात पिल्लांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, पिल्लू खोक्यातून घरी पोहोचते आणि पावती मागण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड विकले जातात, हे मला आजही पाहवत नाही. परवान्याच्या अर्जात पिल्लू कुणाकडून आणि कधी घेतले, हा एक रकाना सक्तीचा केला तरी विनानोंदणी विक्रेत्यांची यादी मनपाच्या हातात आपोआप येईल.

परवाना कुत्र्याशी जोडलेला हवा. पट्ट्याला लावलेला बिल्ला पट्ट्याबरोबरच निघतो, त्या मादीचा निघाला तसा. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती सुईने खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात आणि स्कॅनर फिरवला की 15 अंकी क्रमांक दिसतो. चिपचा खर्च पहिल्या परवान्याच्या शुल्कातच धरावा. त्यासाठी लोकांना झोन कार्यालयाच्या खिडकीपुढे उभे करण्याचेही कारण नाही. कुत्रा दरवर्षी लसीसाठी पशुवैद्यकाच्या टेबलावर येतोच; कुपीवरचे छोटे लेबल सोलून डॉक्टर कार्डावर चिकटवतात, सही-शिक्का करतात, त्याच वेळी परवान्याचे नूतनीकरणही व्हावे. आपल्या शहरात 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. एवढे मनुष्यबळ दाराशी असलेली शहरे राज्यात फार नाहीत.

जमा झालेल्या पैशाचे काय, हा प्रश्न नागरिकांनी विचारलाच पाहिजे. ही रक्कम मनपाच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता निर्बीजीकरण, लसीकरण आणि निवारा यांच्या स्वतंत्र खात्यात जावी आणि तिचा वार्षिक हिशेब जाहीर व्हावा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, तर पाळीव प्राण्याच्या बाबतीत ती मालकाची. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी दिलेल्या आदेशात रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ ठिकाणीच सोडण्यास सांगितले. नोव्हेंबर 2025 मधील आदेशात मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्री परत तेथे सोडू नयेत असे म्हटले. मग ती ठेवायची कुठे? त्यांना जागा, अन्न, औषध आणि राखणारी माणसे लागणार आणि या सगळ्याला पैसा लागतो.

कुत्र्यांना खाऊ घालण्याचा वाद तर आपल्याच शहरातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खाऊ घालणाऱ्यांनी ती कुत्री दत्तक घ्यावीत असे म्हटले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा टाळून खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवावी, हा 2023 च्या नियमांतील तोडगा मला व्यवहार्य वाटतो. प्रत्येक प्रभागात अशा जागा आखून फलक लावणे हे मनपाचे काम आहे आणि ते फार खर्चिकही नाही.

आम्हा मालकांनाही शिस्त हवीच. सेमिनरी हिल्सवर किंवा अंबाझरीला सकाळी पट्ट्याविना मोठा कुत्रा सोडून "तो काही करत नाही" असे लांबून ओरडणे ही समोरच्या घाबरलेल्या माणसाची क्रूर चेष्टा आहे. विष्ठा उचलण्यासाठी पिशवी जवळ ठेवणे, हे मालकाचे काम आहे, सफाई कामगाराचे नव्हे. जनावराबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण रोजच्या वर्तनासाठी पोलिसांपेक्षा मनपाच्या उपद्रव शोध पथकाची जागेवरची पावती अधिक उपयोगी पडेल. विशिष्ट जातींवर सरसकट बंदी मात्र मला पटत नाही. केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 जातींबाबत राज्यांना पत्र पाठवले होते, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरातच रद्द केले. जातीपेक्षा त्या विशिष्ट कुत्र्याचा चावण्याचा इतिहास नोंदवावा आणि दुसऱ्या घटनेनंतर मुसके व जास्त शुल्क सक्तीचे करावे.

मांजरांचीही नोंदणी हवी, पण सुरुवातीला ती ऐच्छिक आणि मोफत असावी.

नवे नियम लागू करताना तीन महिन्यांची मुदत द्यावी, त्या काळात जुन्या थकबाकीवर दंड आकारू नये आणि दहाही झोनमध्ये लसीकरण व चिप बसवण्याची शिबिरे घ्यावीत. त्याचबरोबर ज्याला कुत्रा खरोखरच सांभाळणे शक्य नाही, बदली झाली आहे, आजारपण आले आहे किंवा घरमालक राहू देत नाही, त्याला तो कायदेशीरपणे ताब्यात देता येईल असे एक ठिकाण मनपाने चालवावे. ठरावीक रक्कम भरावी, लसीकरणाचे कार्ड द्यावे, चिपवरील नाव बदलून घ्यावे आणि पावती घ्यावी. तिथे त्याला कुणी अपमानास्पद बोलू नये, ही अटही नियमातच लिहावी. आणि ही सोय उपलब्ध झाल्यानंतर जो कुत्र्याला रिकाम्या प्लॉटवर सोडून जाईल, त्याच्यावर चिपच्या क्रमांकावरून गुन्हा दाखल व्हावा.