पाढे पाठ आहेत दाजी, पण देठ कुठे गेला?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात दाजींनी एक फॉरवर्ड टाकला. त्याआधी तोच मला शाळेच्या ग्रुपवर आला होता, त्याआधी सोसायटीच्या. म्हणजे तुमच्याकडेही आला असणार. मजकूर थोडक्यात असा: ‘पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असायची, म्हणून आपले आजी-आजोबा सगळे हिशोब तोंडी करायचे. पाठांतर झालं की समज आपोआप येते. आता “मुलांना गणित स्वतः सोडवू द्या, विचार करू द्या” हे परदेशी खूळ आलं आणि सराव बुडाला. मुलाला अडकवून ठेवलं की गणिताची भीती बसते. रीत सांगा, घोकून घ्या. जपानकडे बघा.’ शेवटी तीन हात जोडलेले, एक तिरंगा, आणि खाली वैदिक गणिताच्या क्लासचा फोन नंबर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नंतर हायस्कुलात मिळून बावीस वर्षं गणित शिकवतोय. दाजींना ‘छान’चा अंगठा देऊन मोकळा होणार होतो, पण अंगठा उठेना.

पहिल्यांदा ते आजी-आजोबा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, हे आज सांगावं लागतं, कारण ज्या बाजारासाठी ती होती तो बाजारच उठला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, धान्य शेर-पावशेरात. ‘सव्वा आणे शेर, तर साडेतीन शेराचे किती’ हा सवाल दुकानदाराला दिवसातून पन्नास वेळा पडायचा, म्हणून त्याने उत्तरं पाठ केलेली. फार हुशारीने केलेली सोय होती ती, मला तिचं कौतुकच आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो-लिटर आले, आणि औटकीचं काम संपलं. कुठल्या नव्या शिक्षणपद्धतीने तिला मारलेलं नाही.

आणि ‘आपले आजी-आजोबा’ म्हणजे कोणाचे? १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता साधारण १८ टक्के होती. शाळेत पोचलेच नाहीत किंवा दुसरी-तिसरीत गळाले, त्यांचे नातू आज ‘आमचे आजोबा औटकी म्हणायचे’ असा फॉरवर्ड पाठवत नाहीत. माझी आजी अंगठा लावायची. भाजीचा हिशोब मात्र चोख करायची, आणि तो कुठलाही पाढा न म्हणता.

आता ‘पाठांतर झालं की समज आपोआप येते’. सगळ्या फॉरवर्डचा पाया हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक गणित घातलं होतं. एका लष्करी बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचं आहे, तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. रीत पाठ होती, सराव झालेला होता. पण ‘३२ बस’ हे उत्तर लिहिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१ बाकी १२’, आणि १८ टक्क्यांनी ‘३१’. म्हणजे बारा सैनिक रस्त्यावर उभे राहिले आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. भागाकार आला, समज आपोआप काही आली नाही.

अमेरिकेचं सोडा. आमच्या सहावीत मी हेच सहलीचं करून दिलं. ११३ मुलं, एसटीत ४४ सीट, गाड्या किती? फळ्यावर पहिलं उत्तर आलं ‘२, बाकी २५’. मी विचारलं, हे बाकी पंचवीस कोण? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, दोन एसटी आणि एक ट्रॅक्स.” ट्रॅक्स म्हणजे वडापची जीप, तिच्यात पंचवीस कसे बसतील, असं मी म्हणताच सगळा वर्ग माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. वडापवाला बसवतो, सर! आमच्या रस्त्यावर हे उत्तर बरोबरच आहे. त्या पोरीने बाकीला माणसं मानलं, आणि मला तेवढंच हवं होतं. तिचे तेराच्या पुढचे पाढे कच्चे आहेत, हेही सांगतो. तेही मी करून घेतोय.

‘परदेशी खूळ’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आला, कारण त्यात आपल्याच घरातली वस्तू आपण ओळखत नाही.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथल्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्या ग्रंथांतला पाटीगणिताचा, म्हणजे अंकगणिताचा, भाग म्हणजे ‘लीलावती’, ११५० सालची. ती उघडून बघा. नियम श्लोकात आहे, म्हणजे पाठ करायचाच आहे, दाजींचा तेवढा मुद्दा खरा. पण नियमाच्या मागोमाग लगेच गणित येतं, आणि ‘सांग बाले’, ‘सांग मित्रा’ असं म्हणून ते शिकणाऱ्याच्या हातात दिलेलं असतं. भुंग्यांचा थवा कदंबावर जातो, मोर खांबावरून सापावर झेपावतो, वाऱ्याने वेळू मोडतो. हे खूळ असेल तर पौने नऊशे वर्षांचं आहे, आणि खानदेशातल्या मठात शिकवलेलं आहे.

त्यातलंच एक मी दरवर्षी नववीला देतो. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर एक वीत आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलते आणि दोन हात अंतरावर जाऊन बुडते. तर पाणी किती खोल?

पायथागोरस सातवीतच झालेला असतो. सूत्र झोपेत विचारलं तरी सांगतात. तरी पहिली दहा मिनिटं काहीही होत नाही. गेल्या वर्षीचं सांगतो. एकाने वीत आणि दोन हात या दोन बाजू धरून कर्ण काढला, कारण दिलेल्या संख्या दोनच होत्या आणि सूत्रात दोन जागा रिकाम्या होत्या. दुसऱ्याने विचारलं, “सर, वीत म्हणजे अर्धा हात ना?” चांगला प्रश्न, निम्म्या वर्गाने आपापला हात कोपरापासून मोजला. तिसऱ्याने काटकोन त्रिकोण काढला, पण बुडालेल्या कळीशी आलेल्या तिरप्या रेषेला नाव काय द्यावं हे त्याला कळेना. मी एवढंच विचारलं, “देठ कुठे गेला?”

काही वेळ कुजबुज. मग एक पोरगा उठला, फळ्याजवळची छडी घेतली, तिचं टोक फरशीवर टेकवलं आणि छडी हळूहळू कलवली. कलवता कलवता थांबला आणि म्हणाला, “सर, देठ तोच आहे की! आडवा झाला म्हणून काय लांब होतोय?”

झालं. खोली क्ष, तर देठ क्ष अधिक अर्धा, आणि तिरपी रेषा म्हणजेच देठ. क्ष वर्ग अधिक चार बरोबर क्ष अधिक अर्धा, कंसाचा वर्ग. दोन्हीकडचा क्ष वर्ग उडतो आणि उरतो पावणेचार हात. एकीने सगळ्याला चारने गुणलं आणि ओरडली, “पंधरा, आठ, सतरा!” पायथागोरसचं हे त्रिकूट तिने पाठ केलेलं होतं. ते कमळाच्या तळ्यात बुडी मारून बसलंय, हे तिला त्या दिवशी सापडलं.

हेच मी रीत म्हणून सांगितलं असतं तर तीन मिनिटं लागली असती. दिलेल्या अंतराचा वर्ग घ्या, उंचीचा वर्ग वजा करा, उंचीच्या दुपटीने भागा. पुढच्या सोमवारी ते विसरले असते, आणि कमळाऐवजी भिंतीला टेकवलेली शिडी आली असती तर पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसले असते. त्या दिवशी खरं गणित झालं ते त्या दहा मिनिटांत, आणि फॉरवर्डला नेमकी तीच दहा मिनिटं वाया गेलेली वाटतात.

पण एक कबूल करतो. त्या वर्गात चार-पाच जण समीकरणापर्यंत पोचूनही अडले, कारण (अ + ब) चा वर्ग त्यांना उलगडता आला नाही. छडी समजली, पण हात चालला नाही. पाठ असायला हव्यात अशा गोष्टी असतात, आणि नसल्या की विचार मध्येच पांगळा होतो. त्यांना मी ते दुसऱ्या दिवशी घोकायला लावलं, लाज न वाटता.

म्हणूनच ‘सराव बुडाला’ हे मला पटत नाही. देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत जाहीर केली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ वर पोचलात की तिथेच फिरत राहता. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचताच. हे चौथीच्या वर्गात सांगून बघा. हातच्याच्या वीस वजाबाक्या घरून करून आणा म्हटलं की पालकांची चिठ्ठी येते. हे सांगितलं की पोरं मधल्या सुट्टीतही वजाबाक्या करतात, आणि एखादा ६१७४ ला पोचला नाही की शेजारचाच त्याची चूक शोधून देतो. दर उत्तराला नऊने भाग जातो हे एखाद्याच्या लक्षात आलं, की पुढचा तास आयताच मिळतो.

जपानकडे बघायला सांगितलंय, तर नीट बघू. तिथे दुसरीत मुलं नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंतचे पाढे तालात पाठ करतात. त्याला कुकू म्हणतात. फॉरवर्डवाला इथे खूश होईल. पण १९९५ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जर्मनी, जपान आणि अमेरिका इथल्या आठवीच्या तासांचं चित्रीकरण झालं, तेव्हा आधी गणित देऊन मुलांना त्याच्याशी झगडू द्यायचं, मग त्यांच्या वेगवेगळ्या रीती फळ्यावर मांडून चर्चा करायची, हा प्रकार ठळकपणे दिसला तो जपानी वर्गांतच. त्या चर्चेला तिथले शिक्षक ‘नेरिआगे’ म्हणतात. मूळ अर्थ मळणं, आपण कणीक तिंबतो तसं. म्हणजे ज्याला आपला फॉरवर्ड खूळ म्हणतो, तेच जपानमध्ये कुकूच्या शेजारी बसून चाललंय.

‘अडकवून ठेवलं की भीती बसते’ यात निम्मं खरं आहे. गणित देऊन शिक्षक हजेरीपट भरत बसला तर मुलं अडकत नाहीत, बुडतात. नवख्याला आधी एक-दोन उदाहरणं सोडवून दाखवणं फायद्याचं असतं, हे ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांनी चांगलं दाखवलंय. मी स्वतःही पहिली पाच-सहा वर्षं ‘शोधा, शोधा’ म्हणत मुलांना वाऱ्यावर सोडलेलं आहे. त्या तुकड्यांची मला आजही माफी मागावीशी वाटते. पण भीती मी जास्त पाहिली ती दुसरीकडे. ‘कोणती रीत लावायची, सर?’ असं विचारणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर. रीत सांगितली की चेहरा खुलतो, नाही सांगितली की हात थंड पडतात.

परीक्षेत वेळ कुठे असतो, हे फॉरवर्डमध्ये नाही, पण दाजी नक्की म्हणतील. दहावीच्या ४० गुणांच्या पेपरात डोकं लावायला सांगणारा शेवटचा प्रश्न ३ गुणांचा, तोही क्लासवाले ‘सोडून दे’ म्हणतात. यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर नाही.

राहिला खालचा वैदिक गणिताच्या क्लासचा फोन नंबर. ज्या पुस्तकावर असे क्लास चालतात ते १९६५ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर छापलं गेलं, आणि त्यातली सूत्रं वेदांच्या उपलब्ध संहितांत सापडत नाहीत. युक्त्या मात्र मजेदार आहेत. ९८ गुणिले ९७: शंभराला कमी २ आणि ३. ९८ मधून ३ गेले ९५, दोन त्रिक ०६, उत्तर ९५०६. पाठ करा, हरकत नाही. पण हे असं का होतं, ते एकदा मुलाला विचारून तर बघा. शंभर वजा दोन, शंभर वजा तीन, असे कंस त्याने स्वतः मांडले तर क्लासची फी वाचली म्हणायची.

हे सगळं मी दाजींना लिहिलं नाही. ग्रुपवर फक्त कमळाचं गणित टाकलं आणि खाली, ‘दाजी, तुमचे तीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत, सोडवा.’ दिवसभर काही नाही. रात्री पावणेबाराला वहीच्या पानाचा फोटो आला. त्रिकोण काढलेला, काटकोन व्यवस्थित. एक बाजू अर्धा हात, दुसरी दोन हात, आणि कर्णाखाली दोन वेळा ओढलेली रेघ. मी लिहिलं, “दाजी, देठ कुठे गेला?”

दोन निळ्या खुणा आल्या. मग ‘टायपिंग…’ दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं.