‘समाधानी ग्राहक’ बनून ब्लॉग लिहिण्याचा सल्ला घातक आहे

माझी भाची जूनपासून पुण्यातील एका जनसंपर्क संस्थेत उमेदवारी करते आहे. गेल्या आठवड्यात तिने मला व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, हे बरोबर आहे ना? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी जपून ठेवलंय.’ ‘जनसंपर्कासाठी ब्लॉग : पाच सूत्रे’ असे शीर्षक असलेला हा निनावी संदेश त्याआधीही तिघांकडून माझ्याकडे आला होता आणि मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. आता घरातलीच मुलगी त्याच्या भरवशावर व्यवसायाचे पहिले धडे गिरवणार असेल, तर गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ब्लॉग कंपनीच्या नावाने न लिहिता समाधानी ग्राहकाच्या नावाने लिहावा. ब्लॉगला जाहिरातीचे नियम लागू होत नाहीत. प्रतिकूल प्रतिक्रिया ताबडतोब काढून टाकाव्यात. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नावाचा मजकूर जनसंपर्क विभागानेच लिहावा. आणि रोज एक प्रसिद्धिपत्रक ब्लॉगवर टाकले की काम झाले.

यांपैकी पहिले सूत्र सर्वांत घातक आहे. त्यामागचे निरीक्षण खरे आहे, एवढे मला मान्य करावे लागेल : कंपनीने स्वतःची केलेली स्तुती वाचकाला पटत नाही, आपल्यासारख्याच माणसाचा अनुभव पटतो. पण तो अनुभव त्या माणसाचा स्वतःचा असतो म्हणूनच पटतो. तो बनावट असल्याचे कळताच पटण्याचे कारणच नाहीसे होते, आणि असे लेखन उघडकीस येते तेव्हा काय घडते हे 2006 मध्ये अमेरिकेत सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षी एक जोडपे मोठ्या प्रवासी गाडीतून लास व्हेगासहून जॉर्जियाकडे निघाले. वाटेत ते वॉलमार्ट या महाकाय दुकानसाखळीच्या वाहनतळांवर मुक्काम करत असे आणि तिथे भेटलेल्या आनंदी कर्मचाऱ्यांच्या कहाण्या ब्लॉगवर लिहीत असे. वाचणाऱ्याला ही दोन हौशी प्रवाशांची भटकंती वाटावी असाच त्या लेखनाचा सूर होता. ऑक्टोबरमध्ये ‘बिझनेसवीक’ या साप्ताहिकाने त्यामागचा पैसा शोधून काढला. प्रवासाचा खर्च ‘वर्किंग फॅमिलीज फॉर वॉलमार्ट’ ही संघटना करत होती. ती संघटना वॉलमार्टच्या पैशांतून, एडेलमन या जनसंपर्क कंपनीने उभी केली होती. एडेलमन ही काही गल्लीतली नवखी संस्था नव्हती. जगातील सर्वांत मोठ्या जनसंपर्क कंपन्यांत तिची गणना होत होती आणि आपली ओळख लपवू नये असे बजावणाऱ्या विपणन संघटनेची ती सदस्यही होती. प्रमुख रिचर्ड एडेलमन यांना स्वतःच्या ब्लॉगवर चूक कबूल करावी लागली आणि तिची जबाबदारी ग्राहक कंपनीची नसून आपलीच आहे, असे लिहावे लागले.

या प्रकरणातील एक गोष्ट मला सर्वाधिक अस्वस्थ करते. त्या जोडप्याला भेटलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काही जण आपल्या नोकरीवर खरोखरच खूश असतीलही, पण पैशाचा उगम लपवल्यामुळे त्यांचे खरे बोलणेही संशयास्पद ठरले. जनसंपर्कातील माझ्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळात एका वरिष्ठांनी मला ‘वाचकांची पत्रे’ लिहायला बसवले होते. जिल्हा दैनिकाच्या उपसंपादकाने पत्रलेखकाशी बोलायची इच्छा व्यक्त केली तेव्हा द्यायला माझ्याकडे माणूसच नव्हता. पुढे कितीतरी दिवस त्या कचेरीत माझी साधी, खरी बातमीसुद्धा दोनदा तपासली जात असे.

कायदा लागू होत नाही, हे दुसरे सूत्र सरळसरळ खोटे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट आणि संकेतस्थळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार पैसे, फुकट वस्तू, सहल, हॉटेलमधील मुक्काम, इतकेच नव्हे तर नोकरीचे नातेसुद्धा, वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही अशा रीतीने उघड करायचे असते. म्हणजे माझ्या भाचीने संस्थेच्या ग्राहक कंपनीचे उत्पादन ‘मी सहज घेऊन पाहिले’ असे लिहिणे ही युक्ती नसून नियमभंग आहे, आणि खाली नाव तिचे असणार आहे.

प्रतिक्रिया पुसण्याबद्दल डेल या संगणक कंपनीचे उदाहरण पुरेसे आहे. 2005 मध्ये जेफ जार्विस या पत्रकाराने आपल्या ब्लॉगवर डेलच्या सेवेविषयी तक्रारी मांडल्या आणि त्याखाली त्रासलेल्या ग्राहकांची रांग लागली. कंपनी बराच काळ गप्प राहिली आणि रोष वाढतच गेला. जुलै 2006 मध्ये तिने स्वतःचा ब्लॉग सुरू केला आणि आपल्या पेटलेल्या लॅपटॉपचा विषयही तिथे टाळला नाही. पुढच्याच महिन्यात तिने पेट घेण्याच्या धोक्यामुळे लॅपटॉपच्या सुमारे 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या. शिवीगाळ आणि कोणाचे खासगी तपशील जरूर काढावेत. तक्रार मात्र राहू द्यावी आणि तिच्याखाली उत्तर द्यावे, कारण पुसलेल्या तक्रारीचे छायाचित्र कोणाच्या तरी फोनमध्ये आधीच गेलेले असते.

वरिष्ठांसाठी मजकूर लिहिण्याच्या सूत्रात अर्धे तथ्य आहे. भाषणांचे मसुदे आम्ही जनसंपर्कवाले पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो आहोत आणि ब्लॉगचा मसुदा लिहिण्यातही गैर काही नाही. मात्र विचार त्या अधिकाऱ्याचा असावा, त्याने मजकूर वाचून दुरुस्त केलेला असावा आणि आलेल्या प्रश्नांना त्याने स्वतः उत्तर द्यावे. प्रसिद्धिपत्रकाविषयी फार लिहायची गरज नाही : ते बातमीदारासाठी असते, आणि ‘कंपनीला घोषित करताना आनंद होत आहे’ हे वाक्य रोज वाचायला कोणीही परत येत नाही.

भाचीला मी हे सगळे फोनवर सांगितले. तिला पहिले काम एका जलशुद्धीकरण यंत्राविषयी लिहिण्याचे मिळाले आहे. तिने नोंदीच्या अगदी वर एक ओळ घातली आणि मसुदा मला पाठवला : ‘या यंत्राच्या उत्पादक कंपनीचे जनसंपर्काचे काम आमची संस्था करते आणि मी त्या संस्थेत नोकरीला आहे.’ त्याखाली तिने गाळणी किती दिवसांनी बदलावी लागते आणि त्याला किती खर्च येतो, हे लिहिले आहे.