कापलेला तुकडा आणि नंतरचं ताट

तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण ती अर्धी खरी आहे. तुमचं म्हणणं असं की कंपन्या अख्खा व्हिडिओ गेम आधीच बनवतात, त्यातले तुकडे काढून ठेवतात आणि एक्सपान्शन (मूळ गेमला जोडायचा, वेगळा विकला जाणारा भाग) म्हणून आपल्याच गळ्यात मारतात. आणि माझ्या लेखात ‘विचर ३’ या गेमच्या एक्सपान्शनचं कौतुक करून मी त्यांची फुकट जाहिरात केली.

तुकडे काढून ठेवतात, यात वादच नाही. २०१२ च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्कन’ या मारामारीच्या गेममध्ये कॅपकॉम कंपनीने बारा फायटर (खेळायची पात्रं) डिस्कवरच घालून कुलूपबंद ठेवले होते. डिस्क आपण पैसे मोजून आणलेली, किल्ली मात्र वेगळी विकत! याचा बचाव मी करणार नाही.

पण ‘विचर ३’च्या ‘ब्लड अँड वाइन’ या एक्सपान्शनला त्या पंगतीत बसवू नका. मूळ गेम मे २०१५ चा, हे आलं मे २०१६ संपता संपता, नवा प्रदेश आणि स्वतंत्र कथा घेऊन. तुमच्या बाजूचा मुद्दा वेगळाच आहे, तो मीच देतो: ‘विचर ३’च्या दोन्ही एक्सपान्शनचा पास (दोन्ही मिळून आगाऊ खरेदी) गेम यायच्या आधीच, एप्रिलमध्ये विक्रीला काढला होता. न शिजलेल्या जेवणाचे पैसे आगाऊ. ते मलाही खटकतं, आणि लेखात लिहायचं राहिलं ही माझी चूक.

तुम्ही ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या राज्य उभारून लढायच्या गेमवर वाढलात म्हणता, तर आठवा. १९९९ च्या मूळ गेममध्ये लढाई ऐन रंगात यायची आणि तिकडे शेत संपून गडी हात बांधून उभा! परत जा, साठ लाकडं मोजा, शेत लावा. २००० साली त्याचं ‘द काँकरर्स’ हे एक्सपान्शन आलं आणि गिरणीतच पुढच्या शेतांची रांग लावून ठेवता यायला लागली. त्यातल्या पाच नव्या संस्कृतींपेक्षा (खेळायला निवडायचे लोकसमूह) मला ती रांग मोठी वाटते. लोकांनी वर्षभर खेळून कुरकुर केल्याशिवाय असलं काही सुचत नाही. मग ते आधीच कापून ठेवणार कुठून?

त्याच गेमच्या २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या एक्सपान्शनचंही तसंच. अख्ख्या भारताला ‘इंडियन्स’ म्हणून एकच संस्कृती होती, तिचे हिंदुस्थानी झाले; बंगाली, द्रविड आणि गुर्जर वेगळे आले. (मराठे नाहीत, ती तक्रार पुन्हा कधी.)

मी स्वतः काय घेतो, असं विचारलंत. गेमसोबत त्याच दिवशी विकायला ठेवलेलं काही नाही, आणि पास तर कधीच नाही. पासबद्दलची ओळ लेखात आज रात्री घालतो.