मुका खांब

वसईत नाताळची चाहूल थंडीबरोबर लागते, असं म्हणायची पद्धत आहे. थंडी येत नाही, हा भाग वेगळा. आमच्या घरात तर ही चाहूल गणपतीतच लागते. शेजारच्या आळीत आरती चालू असते आणि इकडे बायको पंख्याखाली बसून, घाम पुसत, सुपारीएवढ्या हिममानवाला मफलर विणत असते.

क्रोशा, म्हणजे आकडीच्या एका सुईने केलेलं विणकाम, ही एकट्याने करायची कला आहे, असा एक समज आहे. तो पसरवणाऱ्यांची लग्नं झालेली नसावीत. सुई एकाच माणसाच्या हातात असते, हे कबूल. पण लोकरीची लड दोन हातांवर ताणून धरायला कुणीतरी लागतं. लड धरलेल्या माणसाला नाक खाजवता येत नाही, फोन उचलता येत नाही, आणि दारावर वर्गणीवाले आले तर आत लपताही येत नाही.

तरी ते हलकं काम. जड काम म्हणजे गप्प बसणं. नाताळच्या झाडाला टांगायचा गोळा विणायचा तर आधी सहा टाक्यांचं कडं करतात. पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, ३०. दर फेरीला बरोबर सहा वाढवायचे, हवा तेवढा घेर आला की काही फेऱ्या तशाच घ्यायच्या आणि मग त्याच हिशेबाने उतरायचं. सहापेक्षा जास्त वाढवले तर कडेला झालर सुटते, कमी वाढवले तर वाटी होते. फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून तिथे वेगळ्या रंगाचा दोरा अडकवतात, पण मधली मोजणी मनातल्या मनातच. त्यामुळे सकाळी ‘भाजी काय आणू?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘एकोणीस.’ मी आता सवयीने नुसता ‘वीस’ कोणत्या सुरात आला त्यावरून घरातलं हवामान ओळखतो. एकदा दूधवाल्याने दारातूनच ‘बावीस लिटर झाले’ असा पुकारा केला आणि सांताक्लॉजला कंबर आली.

या विणीतल्या बुटक्या टाक्याला मुका खांब म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बायको माझ्याबद्दल बोलतेय.

‘यंत्र का नाही घेत?’ असंही मी विचारून पाहिलं. स्वेटर विणायची यंत्रं आहेत, लेस काढायची आहेत. पण खऱ्या क्रोशाचं यंत्र बाजारात मिळत नाही म्हणे. दोन सुयांच्या विणकामात टाक्यांची अख्खी रांग सुईवर उभी असते, तशी रांग यंत्राला सांभाळता येते. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच टाका जिवंत असतो आणि सुई पुढे कुठल्या भोकात शिरेल ते विणणारीच्या मनावर. म्हणजे जगात कुठेही क्रोशाची वस्तू दिसली तर ती कुणाच्या तरी हातचीच. आंध्रातल्या नरसापुरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना ही लेस शिकवली, तिथल्या बायका आजही घरोघरी विणतात, आणि २०२४मध्ये त्या लेसला जीआय मानांकन मिळालं. बायकोने ही बातमी मला दोनदा वाचून दाखवली. लड धरणाऱ्या नवऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

गोळे, घंटा, सांताक्लॉज यांच्या पोटात कापूस भरावा लागतो. तो माझ्या उशीतून जातो. ‘डॉक्टर पातळ उशीच सांगतात,’ इति बायको.

हिमकण मात्र पोकळ, सुती दोऱ्याचा, आणि म्हणून जास्त छळणारा. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनात बसतात, म्हणून त्याला टोकं सहाच. आमच्या बाईंना यात सूट मंजूर नाही. सुईवरून उतरलेला हिमकण भिजलेल्या पापडासारखा मान टाकून पडतो. मग त्याला थर्माकोलवर ताणून टाचण्या मारायच्या, दोन टोकांत बरोबर साठ अंश. कोनमापक घेऊन बसणं माझ्याकडे. भूमिती शाळेत संपली, अशी माझी समजूत होती.

त्यावर खळ. जुनी रीत साखरपाण्याची: साखर आणि पाणी समसमान, उकळून, त्यात हिमकण बुडवायचा. मी गॅसवर पाक ढवळतोय हे पाहून आई नेवऱ्यांच्या आशेने आत आली आणि म्हणाली, ‘एकतारी की दोनतारी?’ कडक झाले हिमकण, अगदी टणटणीत. पण ही रीत काढली त्या माणसाच्या घरी मुंग्या नसणार. रात्री पाणी प्यायला उठलो तर एक हिमकण भिंतीच्या कडेकडेने निघाला होता. मग पेजेची खळ करून पाहिली, ती वसईच्या दमट हवेत सैलावली. शेवटी पांढरा गोंद पाण्यात कालवला. मुंग्यांनी तो हुंगून सोडून दिला, तेव्हा बायकोने तो पास केला.

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात टेबल मांडलं. गल्ला माझ्याकडे, म्हणजे सगळी बोलणी माझ्याकडे. ‘किती गोड! हाताने केलं?’ हा पहिला प्रश्न. दुसरा किमतीचा. तिसरं वाक्य नेहमी तेच: ‘अय्या, लोकरीचं एवढं? क्रॉफर्ड मार्केटात डझनाने मिळतात चकचकीत.’ काही जणी पिशवी खांद्यावरून न काढता ‘मला शिकव ना गं’ म्हणतात, ते मला सगळ्यात महागात पडतं. एका बाईंना अगदी सारखे दिसणारे दोन हिमकण हवे होते. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५मध्ये हिमकणाचा फोटो काढला, पुढे आयुष्यभर पाच हजारांवर काढले, त्याला दोन सारखे सापडले नाहीत, असं मी त्यांना नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तो शोधत होता. तुम्ही बनवताय ना?’ वरून दहा रुपये कमी करून घेतले.

उरलेले माझ्या बहिणीला कॅनडाला पाठवले. जिथे खिडकी उघडली की खरे हिमकण फुकट आत येतात, तिथे वसईहून पोस्टाचा खर्च करून! जानेवारीत तिचा निरोप आला. सगळ्यांना फार आवडले, वहिनीला सांग, आता ईस्टरसाठी रंगीत अंडी हवीत. चांगली गुबगुबीत.

बायकोने आईच्या उशीकडे पाहिलं. माझीत आता काही उरलेलं नाही.