‘काका, तो एकसुरी डबा आता सोडा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात मी माझ्या टेसोरो काँपाद्रेबद्दल, म्हणजे जमिनीतला धातू शोधणाऱ्या माझ्या साध्या मेटल डिटेक्टरबद्दल, लिहिलं होतं. एक बटण, एक सूर, ९ व्होल्टचा एक सेल, आणि इथे इंग्लंडमधल्या सफकच्या शेतांत त्याच्यासोबत घालवलेली नऊ वर्षं. त्यावर यॉर्कशायरहून एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. तिचा सारांश असा : “काका, राग मानू नका, पण तुम्ही नव्या माणसांची दिशाभूल करताय. ज्या डिटेक्टरला स्क्रीन नाही, खाली काय आहे याचा आकडा जो दाखवत नाही, तो घेऊन फिरणं म्हणजे दिवसभर फुकटची खोदाई. माझं नवं यंत्र तुमच्या दीडपट खोल जातं, खिळ्यांच्या गर्दीतून नाणं वेगळं काढतं. तुमची कंपनी तर बंदही पडली. याला निवड म्हणत नाहीत, सवय म्हणतात.”

राग आला नाही. तुम्ही वेळ काढून लिहिलंत आणि मुद्द्याला धरून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

खोलीपासून सुरू करतो, कारण नवी यंत्रं विकली जातात ती मुख्यतः खोलीवर. कॉइलमधून, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, निघणारं चुंबकीय क्षेत्र अंतर वाढेल तसं झपाट्याने क्षीण होतं, अंतराच्या घनाच्या प्रमाणात. त्या क्षेत्रामुळे नाण्यात विजेचे बारीक भोवरे उठतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र वर परत येताना पुन्हा तेवढंच क्षीण होतं. जाताना घन, येताना घन, मिळून सहावा घात. छोटी वस्तू कॉइलच्या त्रिज्येपेक्षा बरीच खाली असेल, तर खोली दुप्पट झाल्यावर सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. तुमचं यंत्र दीडपट खोल ऐकत असेल, तर ते माझ्यापेक्षा साधारण अकरा पट क्षीण सिग्नल पकडतंय. हे साधणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी पाठवायच्या आणि परत येणाऱ्या गोंधळातून माती, मीठ, लोखंड बाजूला काढायचं, ही मोठी करामत आहे.

पण ही जास्तीची खोली मी कुठे वापरू?

आपण दोघंही नांगरलेल्या शेतांत फिरतो. इथला नांगराचा थर साधारण २०-२५ सेंटिमीटरचा. त्या थरातली प्रत्येक वस्तू शेकडो वेळा उलथीपालथी झालेली असते, मूळ जागेवरून हललेली असते. ती उचलली, नोंदवली, तर नुकसान काहीच नाही. उलट पुढच्या नांगरटीत तुटण्यापासून ती वाचते. त्या थराच्या खाली मात्र जे आहे ते जसंच्या तसं आहे. खांब रोवल्याचा खड्डा, चुलीची राख, पुरलेली पेटी. तिथे वस्तूपेक्षा ती कशाशेजारी, कशी पडली होती हे जास्त मोलाचं, आणि आपल्या खुरप्याने ते एकदा विस्कटलं की कायमचं गेलं. इंग्लंड-वेल्समधल्या डिटेक्टरवाल्यांच्या आचारसंहितेत म्हणूनच नांगराच्या थराखाली खणू नये असं सांगितलंय. माझं काँपाद्रे चांदीची छोटी पेनी पाच-सहा इंचांवर ऐकतं. म्हणजे मला जिथे थांबायचं असतं, त्याच्या आतच ते थकतं. ते माझी हद्द ओलांडत नाही आणि तेच मला हवं आहे. यंदा आठ इंचांवर असलेलं नाणं नांगर कधीतरी चार इंचांवर आणून ठेवेल. मला घाई नाही.

माझ्या घरापासून तासाभराच्या आत हॉक्सन हे गाव आहे. तिथे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉझ हे निवृत्त गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले, आणि त्यांना रोमन काळाच्या शेवटाचा, जवळपास १५ हजार नाण्यांचा साठा सापडला. बरंच काही वर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली. लॉझ थांबले म्हणून त्या लाकडी पेटीत आत छोट्या पेट्या कशा रचल्या होत्या, त्यांना चांदीची इवली कुलुपं होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हातोडाही सापडला, तोसुद्धा ब्रिटिश म्युझियमकडे आहे. या गोष्टीत डिटेक्टर कोणत्या कंपनीचा होता हे मी कधी शोधायलाही गेलो नाही.

(स्टॅफर्डशायरचा सोन्याचा साठा अडीच पौंडांच्या जुन्या डिटेक्टरने सापडला, हा दाखला माझ्या बाजूने बरेच जण देतात. तुम्हालाही तो कोणीतरी ऐकवला असेल. मी तो वापरणार नाही. २००९ मध्ये टेरी हर्बर्ट यांच्या पायाखाली नुकतं नांगरलेलं शेत होतं आणि वरच्या मातीत सोनं होतं. तिथे तुमचं यंत्र वाजलं असतं आणि माझंही.)

आता आकड्याबद्दल. माझ्या लेखात मी हा भाग घाईत उरकला होता, ती चूक सुधारतो.

चारेक वर्षांपूर्वी बीट काढलेल्या एका शेतात आम्ही दोघं होतो. सोबतच्या मित्राकडे उत्तम नवं यंत्र. कुंपणाजवळच्या कोपऱ्यात तो थबकला, स्क्रीनकडे पाहिलं, “फॉइल,” म्हणाला आणि पुढे गेला. मागून मी त्याच जागी आलो. आवाज बारीक, पण कडा स्वच्छ. लोखंडाचा सूर या यंत्रात कडेला फाटतो, कुरकुरतो. हा तसा नव्हता. कॉइल हलवत ठेवून मी अंगठ्याने बटण हळूहळू वर नेलं. प्रत्येक वस्तूचा आवाज बटणाच्या ठरावीक जागी विझतो. हा फॉइलच्या खुणेपाशी विझला. म्हणजे माझ्या यंत्राचाही कौल फॉइलच होता! तरी खणलं, कारण मी खणतोच. तीन इंचांवर चांदीचा एक त्रिकोणी तुकडा निघाला. हेन्री तिसऱ्याच्या राज्यातल्या लाँग क्रॉस पेनीचा चतकोर.

चतकोर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ही पेनी १२४७ पासून निघाली. सुटे पैसे हवे असले की लोक ती पाठीवरच्या क्रूसाच्या रेघांवर कापत, अर्धी किंवा चौथाई, भाकरी मोडावी तशी. फार्दिंग या शब्दाचा मूळ अर्थच चौथाई. गोल फार्दिंग टाकसाळीत पडू लागली ती १२७९ मध्ये, एडवर्ड पहिल्याच्या नव्या नाण्यांबरोबर. अख्ख्या पेनीचं वजन दीड ग्रॅमच्या आत, म्हणजे हा चतकोर साधारण एक तृतीयांश ग्रॅमचा. कोणीतरी बाजारात भाजी नाहीतर पाव घेतला असेल आणि कनवटीतून तो निसटला असेल. हातात धरल्यावर मला काही क्षण बोलता आलं नव्हतं.

माझ्या मित्राचं यंत्र खोटं बोललं नव्हतं. आकडा धातूचं नाव सांगत नाही. वस्तूतून वीज किती सहज वाहते, तिचा आकार, जाडी, मातीत ती आडवी आहे की उभी, या सगळ्यांचा मिळून एक आकडा बनतो. पातळ चांदी आणि चॉकलेटचा कागद तिथे शेजारी बसतात. त्याच्या यंत्राच्या आणि माझ्या बटणाच्या कौलात फरक नव्हता. फरक होता तो आकडा दिसल्यावर पावलाचं काय झालं यात. मी स्वतः एक पूर्ण हंगाम हजार पौंडांहून महागडं यंत्र वापरलं आहे. त्यात काही दोष नव्हता. पण दोन महिन्यांत माझी नजर जमिनीवरून स्क्रीनवर गेली, आणि वीसच्या खालचा आकडा दिसला की पाऊल आपोआप पुढे पडू लागलं. संध्याकाळी पिशवीत चांदी-तांबं असायचं, आणि शिसं, बकलांचे तुकडे, पितळेच्या पत्र्याचे कपटे जवळपास नाहीसे झाले होते. ते शेतातून गेले नव्हते. मी ते सोडून देत होतो.

आणि हे सोडून देणंच मला जड जातं. सफकमधल्या रेंडलशॅमचं उदाहरण बघा. तिथल्या जमीनमालकाच्या शेतात रात्री चोरून डिटेक्टर फिरवले जात होते. त्याने जिल्ह्याच्या पुरातत्त्व विभागाला गाठलं, आणि २००९ च्या आसपासपासून काही वर्षं मोजक्या, विश्वासू डिटेक्टरवाल्यांनी दीडशे हेक्टरच्या आसपास जमीन शिस्तीत पिंजून काढली. मिळालेल्या वस्तूची जागा नोंदवायची, मग ती सोन्याची असो की धातू ओतताना सांडलेला थेंब. अशा हजारो नोंदी नकाशावर मांडल्यावर दिसलं, की बीड या इतिहासकार साधूने आठव्या शतकात ज्याचा उल्लेख केला ते पूर्व अँग्लिया या जुन्या राज्याच्या राजांचं ठाणं इथेच, जहाजासकट केलेल्या दफनासाठी प्रसिद्ध असलेल्या सटन हूपासून चार मैलांवर. पुढे २०२२ च्या उत्खननात राजवाड्याच्या लाकडी सभागृहाच्या खुणाही मिळाल्या. तो नकाशा नुसत्या नाण्यांतून उमटला नसता. त्यात भंगाराचा मोठा वाटा होता.

माझी शेतं रेंडलशॅम नाहीत. तरी जे मिळतं ते मी आमच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नेतो. ही नोंदणी ज्या योजनेत होते त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये १९९७ पासून १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. माझ्या शिश्याच्या चात्या आणि बंदुकीच्या गोळ्या त्यात आहेत. मी फक्त मोठे आकडे खणले असते, तर त्या शेताचं चित्र असं उमटलं असतं की इथे लोक फक्त चांदी सांडत होते.

म्हणून तुम्ही जिला फुकटची खोदाई म्हणता, ती माझ्या कामाचा भाग आहे. तिचा त्रास मी नाकारत नाही. वाफेच्या नांगरांच्या काळातला कोक (भाजलेला दगडी कोळसा) इथे जागोजाग आहे आणि तो थेट फॉइलसारखा वाजतो. शहराच्या कचऱ्याचं खत पसरलेल्या शेतात तर ॲल्युमिनियमच्या चिंध्यांनी जीव नकोसा होतो. तिथे मी जातच नाही.

तुमचं जिथे बरोबर आहे तिथे हातचं न राखता मान्य करतो. जुन्या वस्तीच्या जागी, जिथे पावलाला दहा खिळे आहेत, तिथे एका सिग्नलमधून जलद सावरून शेजारचा दुसरा ऐकणारं नवं यंत्र माझ्या पुढे आहे. ओल्या खाऱ्या वाळूवर तर तुलनाच नको : एका फ्रिक्वेन्सीचं काँपाद्रे तिथे सतत बरळतं, अनेक फ्रिक्वेन्सींची यंत्रं शांत चालतात. शिवाय माझ्या यंत्राची पेटी पाण्यात चालत नाही. आणि कंपनीबद्दल तुम्ही म्हणालात ते सर्वांत महत्त्वाचं. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटची टेसोरो २०१८ मध्ये बंद झाली आणि तिची प्रसिद्ध आजीवन हमी तिच्यासोबत गेली. नव्या माणसाने जुनं काँपाद्रे शोधत फिरावं असा अर्थ माझ्या लेखातून निघत होता. तसं मला म्हणायचं नव्हतं, आणि आता लेखात तशी दुरुस्ती केली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आज बनत असलेलं, दुरुस्ती होऊ शकेल असं साधं यंत्र घ्यावं. नोक्ता सिंप्लेक्स किंवा माइनलॅब व्हँक्विश चांगली आहेत. स्क्रीन असली तरी पहिले सहा महिने तिच्यावर कागद चिकटवा आणि वाजेल ते खणा, एवढाच माझा आग्रह.

पुण्या-साताऱ्याकडच्या दोघा वाचकांनीही काँपाद्रेची चौकशी केली होती. त्यांना कळकळीने सांगतो, हे यंत्र घेऊ नका आणि दुसरंही घेऊन गडावर जाऊ नका. या यंत्राचा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज दाबणारी जुळणी, कारखान्यातच बसवलेला, आणि आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट भरपूर, त्यामुळे ते तिथे नीट चालणारही नाही. पण खरं कारण कायद्याचं आहे. संरक्षित स्मारकावर खणणं गुन्हा आहे. इतरत्रही १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही लपलेलं सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इथे मला जे करता येतं ते जमीनमालकाची परवानगी, १९९६ चा ट्रेझर ॲक्ट (सापडलेल्या खजिन्याचा इथला कायदा) आणि नोंदणीची व्यवस्था आहे म्हणून. गडांवर रात्री काय चालतं त्याच्या बातम्या वाचून इथे बसून झोप लागत नाही.

राहिली सवय. हो, सवय आहे. नऊ वर्षांत त्या एका सुराच्या इतक्या छटा कानात बसल्यात की शिश्याची गोळी मी खणण्याआधी बहुतेक वेळा ओळखतो. तिचा आवाज भरीव येतो, गोल येतो. हे कान मी कष्टाने कमावलेत आणि ते मला सोडवत नाहीत.

मी काय म्हणतो, तुम्ही इकडे या. शेतमालकाशी बोललो आहे. बीट निघालं की नोव्हेंबरात त्याची हरकत नाही. कुंपणालगतचा एक पट्टा दोरीने आखू. आधी तुम्ही फिरा, न खणता प्रत्येक सिग्नलपाशी झेंडी रोवा आणि आकडा लिहून ठेवा. मग झेंड्या न बघता मी दुसऱ्या टोकाकडून येतो. त्यानंतर दोघं मिळून एकूणएक खणू आणि काय निघालं ते आकड्यासमोर लिहू. सगळी वही इथे छापेन, माझ्या विरोधात गेली तरी. गमबूट मात्र आणा, त्या कोपऱ्यात पाणी साठतं.