प्रयोग फसला नव्हता

लेखात सिंगापूरच्या येल-एनयूएस कॉलेजला (अमेरिकेचं येल विद्यापीठ आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर म्हणजे एनयूएस यांनी मिळून काढलेलं) ‘फसलेला प्रयोग’ म्हटलंय, ते पटलं नाही. २०१३ साली पहिली तुकडी आली. नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अवाढव्य पसाऱ्यात हे जेमतेम हजारभर मुलांचं निवासी कॉलेज होतं. पदवी एनयूएसचीच, येलची नव्हे. हे पालकांना समजावताना नाकी नऊ येत असतील! पण पहिल्या वर्षीचा अभ्यासक्रम बघा: पुढे गणित घेणारा असो की इतिहास, सगळ्यांनी ‘रामायण’ आणि ग्रीक महाकाव्य ‘ओडिसी’ शेजारीशेजारी वाचायचं, शिवाय विज्ञान आणि आकडेमोडही सक्तीची. दहावीनंतरच सायन्स की आर्ट्स असा कायमचा शिक्का मारणाऱ्या आपल्याला हे झेपलं असतं का?

पैशाचा मुद्दा मात्र खरा. देणग्यांचं उद्दिष्ट गाठता आलं नाही, हे शिक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं. पण म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये विद्यार्थ्यांना आणि बहुतेक प्राध्यापकांना अंधारात ठेवून थेट कॉलेज बंद करायचा निर्णय जाहीर करायचा? विद्यापीठाच्याच दुसऱ्या एका योजनेत विलीन करून नवं ‘एनयूएस कॉलेज’ काढलं, तेही ठीक आहे, पण त्यात येल-एनयूएससारखा स्वतंत्र प्राध्यापकवर्ग कुठे उरला?

आणि मे २०२५ मधला तो प्रकार लेखात का नाही? कॉलेजच्या ग्रंथालयातली शेकडो पुस्तकं रद्दीत निघाली, मुलं मागत होती तरी. बोंब झाल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि उरलेली वाटायचं ठरवलं.